अंगात येणं नको असलेल्या नायिकेची गूढ-प्रेमकादंबरी कशी रचायची

मेलेल्या माणसाला सगळंच सांगता येत असेल तर रहस्यकथा पहिल्या प्रकरणात आटोपते. "मला अमक्याने ढकललं", झालं, पोलिसांना बोलवा. आणि त्याला काहीच सांगता येत नसेल, तर नायिकेच्या अंगात येतंय तरी कशाला? या दोन टोकांमधली जागा नेमकी आखून घेणं हे अशा कादंबरीतलं मुख्य काम आहे, आणि बहुतेक हस्तलिखितं तिथेच ढिली पडतात. धुकं, कुत्र्यांचं रडणं, करकरणारं दार यांवर पानंच्या पानं खर्ची पडतात. पण मेलेल्याला काय जमतं आणि काय जमत नाही, हे लेखकाने कधी लिहून काढलेलं नसतं.

खालच्या सगळ्या पायऱ्या मी एकाच कथानकावर चढून दाखवतो. माणसं काल्पनिक, मुलूख खरा: सिंधुदुर्गातला वेंगुर्ले तालुका. उज्ज्वला, वय ३२, बाजारातल्या सेतू केंद्रात सातबारे आणि दाखले काढून देते. तिची अविवाहित आत्ये शालिनी १९९५ च्या जूनमध्ये घरामागच्या बावीत, म्हणजे विहिरीत, पडून गेली. पाय घसरला, असं घरातले सांगतात. दिगंबर दशावतारी कंपनीत स्त्रीपार्ट करतो. त्याच्या आजोबांचंही आयुष्य त्यातच गेलं. तो रोज रात्री स्वखुशीने दुसरं कुणीतरी होतो आणि पहाटे रंग पुसतो. उज्ज्वलाला हे दुसरं कुणीतरी होणं नको असतं, आणि तिला ते पुसताही येत नाही. जोडी जमवताना एवढं कारण मला पुरलं.

पायरी १: आत्येला काय सांगता येत नाही, ते ठरवा

एका कोऱ्या कागदावर मृताच्या मर्यादा लिहा. माझ्या आत्येला चार आहेत.

तिला स्वतःच्या मृत्यूनंतरचं काही ठाऊक नाही. तिचं जग जून १९९५ ला थांबलेलं. सातबारा तिच्या लेखी तलाठ्याच्या हस्ताक्षरातला. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला, त्यामुळे उज्ज्वलाच्या प्रिंटरमधून निघालेला उतारा आत्येला ओळखीचाच वाटत नाही. ती त्यात तलाठ्याचं अक्षर शोधत राहते. विनोद, कारुण्य आणि सुगावा, तिन्ही एका मर्यादेतून निघतात.

तिला बोलता येत नाही. नायिकेच्या तोंडून घोगरा पुरुषी आवाज काढण्याचा मोह इथे आवरा. तो प्रकार आता कुणाला घाबरवत नाही. आत्ये फक्त उज्ज्वलाच्या उजव्या हातात येते. हात पेन उचलतो आणि एकच गोष्ट लिहितो: स्वतःचं पूर्ण नाव, शाळकरी मुलीच्या वळणदार अक्षरात, पुन्हा पुन्हा. कीबोर्ड तिला कळत नाही.

ती बोलावून येत नाही. घरच्या जमिनीचा कागद उज्ज्वलाच्या हाताखाली आला तरच येते. म्हणजे भुताची जागा ठरली सेतू केंद्र, दुपारचे साडेबारा, समोर रांग. पडक्या वाड्याचं भाडं वाचलं.

चौथी मर्यादा सगळ्यात महत्त्वाची. बावीवर मागून कोण आलं, ते तिने पाहिलेलंच नाही. उद्या तिला वाचा फुटली तरी मारेकऱ्याचं नाव ती सांगू शकणार नाही.

या चौघींतून एक सोय होते. निरोप खरा राहतो, पण त्याचा अर्थ माणसं लावतात आणि चुकीचा लावतात. पानभर लिहिलेलं नाव बघून गाव म्हणतं, आत्ये हाक मारतेय, हिला सोबत नेणार, भुताला ओवाळून उतारा ठेवा. वाचकही बराच काळ तसंच समजतो. खरा अर्थ चौथ्या पायरीवर येईल.

मर्यादा ठरल्या की एक चाचणी घ्या. कथेतून भूत पूर्ण काढून टाकलं तर गुन्हा उलगडू शकेल का? उत्तर "हो, पण कुणाला शोधायचं सुचलंच नसतं" असं आलं तर रचना पक्की. उत्तर "नाही" आलं, तर शेवटी भूतच येऊन निकाल देणार, आणि वाचकाला फसल्यासारखं वाटणार.

पायरी २: नकाराला किंमत लावा

"मला हे नको" असं नायिका दहादा म्हणाली तरी तो नकार ठरत नाही. नकार खर्चात दिसला पाहिजे. मी तीन खाती उघडतो: शरीर, पैसा आणि लग्न.

शरीराचं खातं साधं. आत्ये येऊन गेली की उज्ज्वलाचा उजवा हात तासन्‌तास आखडतो. पैशाचं खातं त्याला जोडूनच येतं. सेतू केंद्रात टंकलेखन थांबलं की रांगेतले लोक दुसऱ्या केंद्रात जातात, आणि महिन्याअखेर मालक हिशेब दाखवतो. लग्नाचं खातं कोकणात, आणि कोकणातच कशाला, कुठेही सगळ्यात जड. "पोरीच्या अंगात येता" एवढं वाक्य पसरलं की स्थळं थांबतात. आईने ते वाक्य दाबून धरण्यासाठी काय काय केलंय, हे एका प्रकरणाचं साहित्य आहे. तालुक्याबाहेरचा डॉक्टर, खोटी तारीख घातलेली पत्रिका, मुंबईच्या मावशीकडे काढलेली दोन वर्षं.

यावर एक जुनी आठवण ठेवा. उज्ज्वलाची आजी गावाचं झाड होती, म्हणजे देव जिच्या अंगात येतो ती व्यक्ती. देवळात ठरल्या दिवशी तिच्यात अवसर, म्हणजे देवाचा संचार, यायचा. अख्खा गाव पाया पडायचा. पालखी परतली, धूप विझला की त्या बाईचे गुडघे दुखतात का हे विचारणारं कुणी नसायचं. उज्ज्वलाने लहानपणी आजीचे पाय चेपलेत. तिला भुताची भीती नाही; तिला भीती आहे ती उपयोगाची वस्तू होण्याची. हे कारण सापडलं की तिचा नकार हट्टी वाटत नाही, शहाणपणाचा वाटतो. प्रेमकथेची किल्लीही इथेच आहे.

नकार कधी मोडायचा? उशिरा, आणि स्वतःच्या स्वार्थासाठी. "आत्येला न्याय मिळवून देते" असं म्हणून ती तयार झाली तर खोटं वाटतं. हात कायमचा जाईल, नोकरी सुटेल, म्हणून एकदाचं हे संपवू, या हिशेबाने ती जुने कागद काढायला लागते. माया नंतर येते.

पायरी ३: गावाच्या चौकटीत बसवा, पण एकाच चौकटीत नको

सिंधुदुर्गात अंगात येण्याला जागा, वेळ आणि मान आहे. देवळातला अवसर ही गावऱ्हाटीतली, म्हणजे गावाच्या देवस्थानी रीतीतली, गोष्ट. त्याला मानकरी असतात, गाऱ्हाणं असतं, "व्हय म्हाराजा" म्हणणारा गाव असतो, कौल लावून देवाला विचारलेलं असतं. बाधा ही वेगळी गोष्ट. ती अवेळी येते, तिला कुणी नमस्कार करत नाही, ती काढायची असते. उज्ज्वलाला जे होतं ते यातल्या कशातच बसत नाही. गंमत या ओढाताणीत आहे. गुरव म्हणतो देवी आजीची जागा भरून काढतेय. शेजारगावचा भगत म्हणतो बाधा आहे, बाईमाणसाची. काका म्हणतो नाटक आहे, जमिनीवर डोळा आहे हिचा. सावंतवाडीची मानसोपचारतज्ज्ञ तिसरंच बोलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, अशा अवस्थेची वेगळी नोंद आहे. पण ती अवस्था समाजाने स्वीकारलेल्या धार्मिक रीतीचा भाग असेल तर तिला आजार धरत नाहीत. म्हणजे आजी निरोगी आणि नात रुग्ण! डॉक्टरने हे वाक्य उच्चारताना स्वतःच थबकावं.

संशयवाद्याला मूर्ख करू नका. गावच्या शाळेतले निवृत्त मास्तर अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतात असं धरा. ते प्लँचेटची गोष्ट सांगतील. एकेकाळी मराठी मध्यमवर्गात रात्री वाटी पालथी घालून, भोवती अक्षरं मांडून आत्म्यांना बोलावलं जायचं. वाटी सरकते कशी? मायकेल फॅरडेने १८५३ मध्येच टेबलं फिरवणाऱ्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं की बसलेल्यांचे हातच नकळत ढकलत असतात, आणि ढकलणारा प्रामाणिकपणे म्हणतो, मी काही केलं नाही. मास्तर विचारतील: "बाय, तू रोज शंभर जमिनीचे कागद बघतंस. घरचा एखादा कागद कधी नजरेखालून गेला नसेल कशावरून? डोकं विसरतं, हात विसरत नाही." हा खुलासा शेवटपर्यंत शक्य ठेवा. भुतावर विश्वास नसलेल्या वाचकालाही कादंबरी पुरी झाल्यासारखी वाटली पाहिजे, असं माझं मत आहे. सगळ्यांना पटेलच असं नाही.

भुतांच्या जाती नीट अभ्यासा. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंजीआधी गेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा. गिऱ्हा पाण्यातला. हडळ बाळंतपणात गेलेल्या बाईची. देवचाराला या भागात आणि गोव्यात अनेक ठिकाणी वेशीचा राखणदार मानतात, त्याला विडी आणि दारू ठेवतात; त्याला शहरी भयकथेतला राक्षस करून टाकलं तर इथला वाचक पुस्तक मिटेल. जुन्या नोंदींसाठी ब्रिटिश अधिकारी एन्थोव्हेनने संपादित केलेले कोकणच्या लोकसमजुतींचे टिपण-संग्रह (१९१५) उपयोगी आहेत. ती माहिती मुळात ए. एम. टी. जॅक्सन यांनी गोळा केलेली, त्यातली पुष्कळशी गावोगावच्या शाळामास्तरांकडून आलेली. नाशिकच्या नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरेंनी गोळ्या घातल्या, तेच हे कलेक्टर जॅक्सन. त्या पानांत जातींच्या उतरंडीचा वास भरपूर आहे. अमुक जातीचा माणूस मेला की अमुक भूत, ही मांडणी जशीच्या तशी उचलू नका. तुमच्या कादंबरीत कुणी पात्र तसं बोललं तर ते त्या पात्राचं बोलणं आहे हे दिसू द्या.

पायरी ४: गुन्हा कागदावर उभा करा

इथे सावकाश जा. मराठी भूतकथेत गुन्हा बहुतेक वेळा वासनेचा किंवा गुप्तधनाचा असतो. कोकणातला खरा झगडा सामाईक जमिनीचा आहे, आणि त्याचे पुरावे कपाटात पडून असतात.

हेतू आधी शोधा, आणि तो तारखेसकट शोधा. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने केलेली दुरुस्ती २२ जून १९९४ पासून लागू झाली. त्या दिवसापर्यंत लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलग्यासारखा जन्मजात हक्क मिळाला. शालिनी अविवाहित. काल घरात ताटं मांडणारी बहीण आज कागदोपत्री दोन भावांच्या बरोबरीची हिस्सेदार झाली. आंब्याच्या कलमांचं भरलेलं रान आहे, थोरल्या काकाने त्यावर कर्ज काढलंय. तो तिला हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याच्या दस्तावर, सही मागतो. ती म्हणते, नाही.

मे १९९५ मध्ये दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र तरीही नोंदलं जातं. त्यावर शालिनीच्या नावापुढे आहे: नि. डा. हा. अं. म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा. खाली दोन साक्षीदार, त्यातला एक उज्ज्वलाचा बाप. नोंदणी कायद्यात २००१ मध्ये दुरुस्ती होऊन मिळकतीच्या दस्तावर पक्षकारांचे फोटो आणि बोटांचे ठसे लावणं आलं. त्याआधी फोटो नव्हता, म्हणून घटना १९९५ चीच हवी. डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई आली, ओळखदारांनी "हीच ती" म्हटलं, अंगठा उमटला.

ती बाई कोण होती? दिगंबरचे आजोबा. तालुक्यातले नावाजलेले स्त्रीपार्टी, साडीत वावरताना सख्खी बहीणही फसेल असे. शाळेचं तोंड न पाहिलेले, म्हणून सहीऐवजी अंगठा. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात. रात्रभर पुराणातली भारदस्त भाषा बोलणारा माणूस निरक्षर असू शकतो, आणि ही विसंगती खोटी वाटत नाही.

आता पहिल्या पायरीवरचं नाव आठवा. शालिनी चौथी पास होती. तिला सही येत होती. आत्ये हाक मारत नाहीये. ती दाखवतेय की मला माझं नाव लिहिता येतं, मग कागदावर अंगठा कसा?

मृत्यूची वेळही कागदातूनच येऊ द्या. नोंदणीनंतर फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीत नावाचा बदल, होतो. तलाठी नोंद चावडीवर लावतो, संबंधितांना नोटीस देतो, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. नोटीस शालिनीच्या हातात पडते. ती हरकत अर्ज लिहायला बसते. त्या पंधरा दिवसांत, मृगाच्या पहिल्या पावसात, ती बावीत पडते. मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, कारण हरकत आलीच नाही. पोलिसांकडे अकस्मात मृत्यूची नोंद. वाचकाला तुम्ही या दोन तारखा वेगवेगळ्या प्रकरणांत द्या, मध्ये निदान पन्नास पानं जाऊ द्या, आणि शेजारी ठेवण्याचं काम त्याच्यावर सोडा.

सुगावे पेरण्याचा क्रम मी असा ठेवीन: आधी उज्ज्वलाच्या हातातलं अक्षर, मग माळ्यावरच्या ट्रंकेत आत्येचा शाळा सोडल्याचा दाखला, ज्याकडे ती फक्त जन्मतारखेसाठी बघते, मग गाव नमुना ६ मधली फेरफार नोंद, मग दस्ताची नक्कल, जी निबंधक कार्यालयातून मागवावी लागते आणि यायला वेळ लागतो, सर्वांत शेवटी आजोबांचा ठसा. तो कुठून मिळणार? वृद्ध कलावंतांना राज्य सरकार मानधन देतं. त्या अर्जावर आजोबांचा अंगठा आहे, आणि तो अर्ज सेतू केंद्रात उज्ज्वलानेच भरून दिलेला असतो, दुसऱ्या प्रकरणात, गप्पा मारता मारता. बोटांच्या रेषा वयाने बदलत नाहीत. तीस वर्षांपूर्वीचा ठसा स्वच्छ उमटलेला असेल तर तज्ज्ञाला तुलना करता येते.

घड्याळही लावता येतं. तीस वर्षं जुना दस्त योग्य ताब्यातून आला तर तो खरा आहे असं न्यायालय गृहीत धरू शकतं. मे १९९५ चा दस्त मे २०२५ मध्ये तिशी गाठतो. काकाचा वकील सांगतो, तोवर विक्रीची घाई नको. शेजारच्या गोव्यातल्या मोपा विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झाल्यापासून गिऱ्हाईक दारात येतंय, आणि काका का थांबलाय हे उज्ज्वलाला कळत नाही. इथे अतिशयोक्ती टाळा. हे गृहीतक खोडून काढता येतं, आणि कपट उघड झाल्यापासून दाव्याची मुदत मोजली जाते. त्यामुळे "मध्यरात्री बारा वाजता सगळं संपणार" असा सिनेमा करू नका. काकाला ते संपेल असं वाटतं, एवढं पुरे.

आणि ढकललं कुणी? माझं उत्तर थोरला काका. पण वाचकाला जास्त लागतो तो उज्ज्वलाचा बाप. त्याने साक्षीदाराची सही केली, साडीतला माणूस ओळखला, आणि तीस वर्षं बावीचं पाणी प्यायला.

पायरी ५: प्रेमाला भुतापासून मोकळी जागा द्या

उज्ज्वलाकडे येणारा प्रत्येक जण काहीतरी विचारायला येतो. दिगंबरने तिला तिच्याविषयी सोडून काही विचारायचं नाही, निदान अर्धी कादंबरी. त्याचं पहिलं वाक्य "च्या घेतलंस काय?" एवढंच असू द्या. भेट जत्रेत, रंगपटाशी. तो आरशाचा तुकडा गुडघ्यात धरून भुवया कोरतोय, नऊवारी नेसून झालीय, आवाज मात्र अजून स्वतःचा आहे. ती विचारते, "उतरताना त्रास नाय होत?" हा प्रश्न फक्त तीच विचारू शकते.

त्यांच्या वेळा जुळत नाहीत, आणि ही कथेची मोठी सोय आहे. नाटक रात्री सुरू होतं, पहाटे दहीकाल्याने संपतं. तिचं केंद्र दहाला उघडतं. म्हणजे भेटी सकाळच्या: पहिली एसटी, बंद हॉटेलाचं बाकडं, त्याच्या कानामागे उरलेला सफेदा. प्रेमप्रसंगांसाठी संध्याकाळ, समुद्र आणि पाऊस यांवर विसंबलेली कोकणातली कादंबरी मी पुष्कळदा वाचलीय. शिरोड्याचा किनारा सुंदर आहे, मान्य. तरीही.

जवळिकीच्या प्रसंगांत आत्ये हजर आहे का, हे आधी ठरवून टाका. हसू नका; वाचकाच्या मनात हा प्रश्न येतोच, आणि उत्तर नसेल तर सगळा प्रसंग अवघडतो. माझ्या नियमाप्रमाणे जमिनीचा कागद जवळ नसेल तर आत्ये नसते. म्हणून दिगंबर एकदा तिच्या पर्समधल्या झेरॉक्सच्या घड्या काढून बाहेर पायरीवर ठेवतो, वर दगड ठेवतो. हा प्रसंग विनोदीही आहे आणि पुरेसा सूचकही.

ताटातूट बाहेरच्या खलनायकाने घडवू नका. दस्ताची नक्कल आली की दिगंबरला तिच्या आधी कळतं. त्याने आजोबांच्या तोंडून एक किस्सा ऐकलेला असतो, सरकारी हापिसात केलेल्या "सगळ्यात छोट्या पार्टाचा". तो दोन प्रकरणं गप्प बसतो. मोडतं ते या गप्प बसण्याने. उज्ज्वलाला घरात आधीच एक गप्प बसलेला पुरुष आहे, बाप, आता दुसरा. त्यामुळे समेट माफीने होऊन भागत नाही, कृती लागते. दिगंबर आजोबांना घेऊन तिच्या दारात येतो. म्हातारा माणूस, स्वतःच्या खऱ्या आवाजात: "तो आंगठो माझो." कादंबरीतलं सगळ्यात लहान संवादाचं पान हेच ठेवा.

आजोबांना पैशासाठी विकलेला माणूस करू नका. काकाने त्यांना सांगितलं होतं की बहीण आजारी आहे, येऊ शकत नाही, घरचीच संमती आहे. जूनमध्ये बावीची बातमी आली तेव्हा त्यांना सगळं समजलं. त्या वर्षीच्या जत्रांपासून त्यांनी स्त्रीपार्ट सोडला, कारण कधीच कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या प्रकरणात हे सहज बोलण्यात येऊन गेलेलं असावं.

पायरी ६: पंचांगावर प्रकरणं टांगा

कोकणचं वर्ष आयता आराखडा देतं. पितृपक्षात सुरुवात: म्हाळ घातला जातो, सगळ्यांची नावं घेतली जातात, आत्येचं राहून जातं. २०२४ ची सर्वपित्री २ ऑक्टोबरला होती. कार्तिकापासून जत्रा आणि दशावतार, म्हणजे प्रेमाचा भाग. शिमग्यात गाव एकत्र येतो, मुंबईकर चाकरमानी उतरतात, भांडणं उघडी पडतात. मे महिन्यात आंबा आणि दस्ताची तिशी. मृगात शेवट. पिंडाला न शिवणारा कावळा मात्र वगळा. तो फार थकलाय.

पायरी ७: मालवणी किती?

निवेदन प्रमाण मराठीत, संवाद मालवणीत, पण गाळून. संदर्भाने कळेल असाच शब्द वापरा: "माका आठवणा नाय", "खय चललंस?". तळटीपा देऊ नका. सगळी पात्रं सारखी बोलत नाहीत. काका कोर्टकचेरीमुळे पुस्तकी बोलायला शिकलाय, बाप शुद्ध मालवणी, उज्ज्वला ग्राहकांशी एक आणि घरात दुसरी. आजोबांच्या दोन भाषा तर कथेचा कणा आहेत. आत्येने जिवंतपणी लिहायला घेतलेला हरकत अर्ज मालवणीत नको, शाळेत शिकलेली बाई अर्ज प्रमाण मराठीतच लिहील, "मे. तलाठी साहेब यांसी" असा मायना घालून. शेवटी तो अर्ज वाचकासमोर येतो तेव्हा त्याची भाषा रुक्ष सरकारी असू द्या, तशीच ती लागते.

पायरी ८: भगताचा प्रसंग लिहिण्याआधी कायदा वाचा

डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात झाली. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारहाण, मिरचीची धुरी देणं हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. पूजाअर्चा, कीर्तन, यात्रा यांना कायदा हात लावत नाही. कथा लिहिण्यावरही बंदी नाही. पण २०२४ मध्ये घडणाऱ्या कादंबरीत भगत उज्ज्वलाला कोंडून धुरी देतो आणि कुणालाच काही वाटत नाही, असं दाखवलं तर ते खोटं आहे. मास्तरांनी पोलीस ठाण्यात फोन केलाच पाहिजे. काकाने भगताला पैसे दिल्याचं त्या तक्रारीतून बाहेर पडतं, म्हणजे कायदा कथानकालाही पुढे ढकलतो. छळाचा प्रसंग छोटा ठेवा, उज्ज्वलाच्या नजरेतून, आणि त्यातून चमत्कार निष्पन्न होऊ देऊ नका. हा प्रसंग असलं काही भोगलेल्या बाईच्याही हातात पडणार आहे.

पायरी ९: शेवट आणि पुनर्लेखन

आत्ये गेल्यावर उज्ज्वलाची ही क्षमता राहते की जाते? वाचक दोन्ही स्वीकारतो, अधांतरी ठेवलेलं स्वीकारत नाही. मी ती घालवीन, पण उजव्या हाताचं अक्षर थोडं बदललेलं ठेवीन. नायक-नायिका एकत्र यायलाच हवीत. प्रेमकथेच्या वाचकाशी हा करार असतो, शेवटी एकाला मारून तो मोडू नका. खटल्याचा निकाल मात्र दाखवायची गरज नाही. दावा दाखल झाला, काकाने जमिनीवर बोर्ड लावायला आणलेला माणूस परत गेला, इतक्यावर थांबता येतं.

पहिला खर्डा साठ ते सत्तर हजार शब्दांत बसवा. मग तीन वेळा वाचा, दर वेळी एकच गोष्ट शोधत. पहिल्या वाचनात आत्येने मर्यादा ओलांडल्याच्या जागा काढा. तिला १९९५ नंतरचं काही कळलेलं असतंच कुठेतरी. दुसऱ्यात तारखा एका तक्त्यात मांडा: दुरुस्ती, दस्त, नोटीस, मृत्यू, प्रमाणन. तिसऱ्यात फक्त दिगंबर आणि उज्ज्वलाची पानं सलग वाचा. भूत आणि गुन्हा नसताना ती वाचवत नसतील तर प्रेमकथा अजून लिहिलेलीच नाही.

मालवणी संवाद वेंगुर्ल्याकडच्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगा. अडखळला की तिथे खूण करा. कागदपत्रांची प्रकरणं तालुका न्यायालयात जमिनीचे दावे चालवणाऱ्या वकिलाला दाखवा, आणि एका जत्रेची रात्र जागून काढा. आडदशावतारातल्या, म्हणजे आख्यानाआधीच्या पूर्वरंगातल्या, संकासुरापासून थांबा, आख्यान सुरू होताच निघू नका, पहाटेपर्यंत बसा. रंगपटाच्या दाराशी रेंगाळायला सहसा कुणी हरकत घेत नाही. रंग लावणं चालू असताना फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, आणि निघताना स्त्रीपार्ट करणाऱ्याला त्याच्या घरचं नाव विचारायला विसरू नका, पार्टाचं नाव तर सगळेच विचारतात.